जे बोलायचं ते गेटवर

पत्र असं आहे :

'ताई, गेल्या दिवाळीत आम्ही सहा जण विदर्भातल्या एका व्याघ्रप्रकल्पात गेलो होतो. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, सासूबाई, धाकटे दीर आणि जाऊबाई. दुसऱ्या सफारीत बांबूतून एक वाघीण बाहेर आली, मागे दोन बछडे. तिला रस्ता ओलांडायचा होता, पण तेवढ्यात दोन्ही बाजूंनी गाड्या येऊन भिडल्या. भाऊजींनी चालकाच्या खिशात पाचशेची नोट सरकवली आणि "अजून थोडी पुढे घ्या" म्हणाले. त्याने घेतली. वाघिणीने आमच्याकडे पाहून कान फिरवले आणि पिल्लांना घेऊन परत आत गेली. मी मोठ्याने ओरडले, "अहो, मागे घ्या ना, तिला जाऊ द्या!" झालं, सगळे माझ्यावरच उखडले. हे म्हणाले, "एवढा खर्च करून आलोय, तुझे उपदेश घरी ठेव." परतीच्या प्रवासात कोणी माझ्याशी धड बोललं नाही.

आता मे महिन्यात ताडोबाचं ठरतंय. सासूबाई 72 वर्षांच्या आहेत, मागच्या वेळी त्यांना वाघ नीट दिसलाच नाही आणि त्यांना तो एकदा डोळे भरून पाहायचाय. मुलगा म्हणतो, वाघ नाही दिसला तर सफारी फुकट. मी जावं का? आणि गेले तर गप्प बसावं का? – एक वाचक, कल्याण'

जा. गप्पही बसू नका. फक्त बोलायची वेळ आणि जागा बदला.

आधी त्या वाघिणीचं. तुम्ही लिहिलंय की तिने 'कान फिरवले'. हे तुम्ही टिपलंत, याचा अर्थ गाडीत त्या क्षणी नीट बघणारं माणूस एकच होतं. वाघाच्या कानामागे एकेक पांढरा ठिपका असतो. एरवी समोरून तो दिसत नाही. वाघ चिडला किंवा धास्तावला की कान असे वळवतो की मागचे ठिपके पुढून दिसायला लागतात. त्याच्या जोडीला शेपटीचे झटके, चालता चालता मध्येच थबकणं, पिल्लांनी मागच्या मागे झुडपात शिरणं. एवढं दिसलं की आपण जवळ आलोय हे समजायला गाइडची गरज नाही. तेव्हा तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

पण ओरडणं चुकलं, हेही सांगते. तुमचा आवाज त्या वाघिणीला भाऊजींच्या आवाजाइतकाच ऐकू गेला. आणि माणसांच्या बाजूने पाहिलं तरी ती वेळच वाईट होती. समोर वाघ असताना कोणी कोणाचं ऐकत नाही. नवरा कॅमेऱ्यात, भाऊजी उभे, मुलगा सीटवर चढलेला, मागून दुसऱ्या गाडीचा हॉर्न नाही तरी दबाव असतोच. चालकाच्या खिशात नोट आधीच गेलेली. तिथे केलेली विनंती भांडण म्हणूनच ऐकू येते.

आता त्या चालकाच्या जागी बसून बघा. ताडोबाचे बहुतेक चालक आणि गाइड आसपासच्याच गावांतले, मोहर्ली, कोलारा अशा. फेरीचे पैसे ठरलेले असतात. वर काय मिळणार ते पाहुण्याच्या मूडवर, आणि पाहुण्याचा मूड वाघावर. गेटवर गाडीत बसता बसता आपला पहिला प्रश्न काय असतो? 'दिसेल ना हो वाघ?' दुसरा असतो, 'काल कोणाला दिसला?' या दोन प्रश्नांनी शर्यत सुरू होते. पुढे रस्त्यात जे घडतं, ते या माणसाने गेटवरच मनाशी ठरवलेलं असतं : या पार्टीला वाघ जवळून दाखवला नाही तर आज हात रिकामा.

म्हणून जे बोलायचं ते गेटवर. गाडी सुरू व्हायच्या आधी, चालक आणि गाइड दोघांना ऐकू जाईल असं. शब्द साधे ठेवा : 'दादा, आमच्या आजींना वाघ बघायचाय, पण घाई नाही. गर्दी दिसली तर मागेच थांबा. प्राण्याला वाट द्या. वाघ दिसो न दिसो, तुमची बक्षिसी ठरलेली आहे.' आणि रक्कम तिथेच सांगून टाका. भाऊजींची तीच पाचशेची नोट, पण पाकिटात घालून, फेरी संपल्यावर द्यायची. पैसे तेवढेच जातात. मात्र ते कशाचे आहेत, हे पार बदलतं. चालकाच्या डोक्यावरचं ओझं उतरतं आणि बऱ्याचदा मग तो तुम्हाला असं जंगल दाखवतो जे शर्यतीत पळणाऱ्या गाड्यांना दिसत नाही. रोजचं जंगल त्याला माहीत असतं. ते कोणी विचारत नाही एवढंच.

हे वाक्य तुम्ही बोलू नका, भाऊजींना बोलायला लावा. पाकीटही त्यांच्याच हातात द्या. गाडीत पुढारीपण करायची त्यांना हौस आहे ना, मग ती चांगल्या कामाला लावा. माणूस स्वतःच्या तोंडाने चारचौघांत जे बोलतो, ते तासाभरात मोडायला त्याला लाज वाटते. शिवाय तुम्ही सहा जण आहात, म्हणजे अख्खी जिप्सी, ती सफारीची उघडी गाडी, तुमचीच. परक्या कुटुंबासोबत सीटा वाटून घ्याव्या लागल्या असत्या तर हे इतकं सोपं नव्हतं.

नवऱ्याशी मात्र घरीच बोला, आणि दिवाळीचं उकरून काढू नका. त्यांना एक खरी गोष्ट सांगा. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, एफ-2 नावाने ओळखली जाणारी वाघीण तिच्या पाच बछड्यांसह रस्त्यावर होती. पुढून-मागून जिप्स्या लागल्या आणि तिची वाटच अडली. व्हिडिओ सगळीकडे फिरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड निलंबित झाले, दंड झाला. गाड्या कोणाच्या हौशीसाठी पुढे गेल्या होत्या आणि काम कोणाचं गेलं, एवढंच त्यांना विचारा. उपदेश वाटणार नाही, कारण हा हिशेब आहे, आणि हिशेब नवऱ्यांना कळतो.

नियमही माहीत असलेला बरा. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कुठल्याही वन्यप्राण्यापासून किमान 20 मीटर अंतर ठेवायचं. एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर साधारण तेवढं होतं. प्राण्याला घेरणं, आमिष दाखवणं, खायला घालणं, सगळ्याला मनाई. आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यातल्या प्राण्याला छेडणं हा गुन्हाच आहे. 'थोडंसं पुढे' हा त्या कायद्याच्या भाषेत विनोद नाही.

'गाड्यांची त्यांना सवय असते हो' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. सवय असते, हे खरंच आहे. ताडोबातले वाघ जिप्सीच्या बाजूने रमतगमत निघून जातात. पण वरून शांत दिसणं वेगळं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगडमधल्या वाघांच्या विष्ठेतून ताणाची संप्रेरकं मोजली. 2019 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पर्यटन सुरू असलेल्या महिन्यांत ती जास्त निघाली, उद्यान बंद असतानाच्या दिवसांत कमी. तुम्ही पाहिलेल्या त्या दोन बछड्यांच्या वाघिणीचा विचार करा. पिल्लं दीड-दोन वर्षं तिच्यावर अवलंबून असतात. शिकारीच्या बऱ्याच प्रयत्नांतून एखादाच साधतो. त्यातली एक संध्याकाळ आपल्या गाड्यांनी वाट अडवून घालवली, तर त्या रात्री उपाशी राहणारे तिघे असतात.

मे महिन्यात हा प्रश्न पाण्यापाशी येतो. चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल, पारा 45 च्या वर सहज जातो. वाघ दुपारचा पाणवठ्यावर येऊन बसतो, आणि पाण्यात शिरतो तो चक्क उलटा : पाठ पाण्याकडे करून, मागचे पाय आधी, मग हळूहळू बसत, तोंड कोरडं ठेवून. हे एकदा शांतपणे पाहिलंत तर रस्त्यावरचा पळता वाघ तुम्हाला फिका वाटेल. पण त्यासाठी गाडी पाणवठा आणि झाडी यांच्या मधे लागलेली नको. वाघ कुठल्या बाजूने येतो ते गाइडला पक्कं माहीत असतं. त्याला म्हणा, 'त्याच्या वाटेच्या पलीकडे लावा.' इंजिन बंद करा, आणि तो उठून निघेपर्यंत पुन्हा सुरू करू नका. सांबर आणि रानगवे तर त्याहून बुजरे. गाड्यांची रांग बघून ते उन्हात तसेच तहानलेले उभे राहतात आणि आपण म्हणतो, 'आज काही नाही, फक्त सांबर.'

दुसरा नाजूक प्रसंग म्हणजे ज्याला सगळे 'हेड ऑन' म्हणतात : वाघ रस्त्याने थेट गाडीकडे चालत येतो. तो तुमच्यासाठी येत नसतो. काट्याकुट्यांपेक्षा मातीच्या रस्त्याने चालणं त्याच्या पायांना बरं पडतं आणि कडेच्या झाडांवर आपली खूण करत तो हद्दीची फेरी मारत असतो. चांगला चालक लवकर रिव्हर्स घेतो आणि जागा मिळताच बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ देतो. वाईट चालक फोटो चालू असेपर्यंत हलत नाही. मग वाघालाच रस्ता सोडावा लागतो. गेटवर तुम्ही जे बोललात त्याची परीक्षा इथे होते. चालक विसरला तर भाऊजींशी नाही, चालकाशीही नाही, गाइडशी बोला, हळू आवाजात : 'दादा, थोडं मागे.' गाडीत अधिकार त्याचा असतो. आणि कुजबूज ऐकायला माणूस वळतोच.

दुसऱ्याच गाडीने आगाऊपणा केला तर? तिथे वाद घालू नका. जिप्सीचा नंबर आणि वेळ कागदावर लिहा, बाहेर पडताना गेटवर तक्रार द्या. कागद म्हणतेय, कारण ताडोबात सफारीत मोबाइलला मनाई आहे. ही बंदी मला फार आवडते. 'अमुक पाणवठ्यावर बसलाय' हा निरोप फोनवरून गेला की पंधरा मिनिटांत तिथे जत्रा भरते.

आता तुमचे चिरंजीव. नऊ वर्षांच्या मुलाला 'वाघ नाही तरी जंगल सुंदर असतं' असं सांगाल तर तो तोंडावर हसेल, आणि त्याचं बरोबर आहे. त्याला काम द्या. एक छोटी वही, एक पेन्सिल. कामाचं नाव : न दिसणारा वाघ शोधणे.

पहाटे आत शिरल्यावर रस्त्याच्या मातीवर पगमार्क, म्हणजे पंजाचे ठसे, दिसतील. त्याला विचारायला सांगा की टायरच्या खुणेवर पंजा आहे की पंजावर टायर? टायरच्या खुणेवर पंजा असेल तर कालच्या शेवटच्या गाडीनंतर वाघ इथून गेलाय. पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो. तो कोणता, हे ओळखायचं. मग कान. चितळ घाबरलं की शेपटी वर करतं, खालचा पांढरा भाग दिसतो, पुढचा एक पाय जमिनीवर आपटतं आणि तीक्ष्ण हाक देतं. त्याचं तोंड ज्या दिशेला, तिकडे काहीतरी आहे. वर झाडावर वानर असतं. उंचावरून त्याला आधी दिसतं, ते खोकल्यासारखं खाकरतं. चितळांना वानरांच्या खाली चरायला आवडतं याचं एक कारण म्हणजे वरून पडणारा कोवळा पाला आणि फळं. दुसरं म्हणजे ही फुकटची राखण. चितळ उगाचही घाबरतं, त्यामुळे त्याच्या एका हाकेवर गाइड गाडी वळवत नाहीत. सांबराचा मोठा, घुमणारा 'ढाँक' आला की मात्र सगळे गप्प होतात. सांबर सहसा खोटं बोलत नाही.

वहीत लिहायचं ते एवढंच : कोणी हाक दिली, तोंड कुठे होतं, किती वेळ चालली, पुढची हाक कुठून आली. हाका जागा बदलत गेल्या तर वाघ कुठून कुठे चालला ते कागदावर रेघेने काढता येतं. एकही पट्टा न दिसता. हे ज्या पोराला एकदा जमलं त्याला 'फुकट' हा शब्द आठवत नाही, उलट संध्याकाळी जेवताना तो तुमचं डोकं खातो. आणि गेटबाहेरच्या वानरांना बिस्किटं द्यायची नाहीत, हेही त्यालाच इन्स्पेक्टर करून सांगा. काका कुरकुरे उघडतील तेव्हा तो बरोबर पकडेल.

सासूबाईंची इच्छा मला मनापासून पटते. वाघ पाहावासा वाटणं यात काही गैर नाही. त्यांना जवळ नेण्यापेक्षा वाघ त्यांच्याजवळ आणा : आठपट दिसणारी दुर्बीण घ्या किंवा कोणाची तरी मागून न्या. तीतून चाळीस मीटरवरचा वाघ पाच मीटरवर असल्यासारखा दिसतो. मात्र जंगलात जाऊन पहिल्यांदा हातात दिलीत तर त्यांना काळंच दिसेल. आधी घरी, गॅलरीतून समोरच्या झाडावरचा कावळा शोधायचा सराव करून घ्या. चष्मा असेल तर दुर्बिणीची रबरी कडा आत करायची. मागच्या वेळी त्यांना वाघ दिसला नाही तो अंतरामुळे नव्हे, असा माझा अंदाज आहे. पुढे सगळे उभे राहिले असणार. या वेळी कोणी सीटवर उभं राहणार नाही, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. आईचं ऐकतील. त्यांना चालकाच्या लगेच मागच्या सीटवर बसवा. सगळ्यात मागची सीट उंच असते, दिसतं छान, पण धक्क्यांनी कंबर जाते. ती भाऊजींना द्या. तिथून चालकाच्या खिशापर्यंत हातही पोचत नाही.

त्यांना ताडोबाच्या तळ्याकाठचं तारूचं ठाणंही सांगून ठेवा. तारू हा गोंडांचा पुढारी, वाघाशी झुंजताना गेला आणि पुढे देव झाला, अशी तिथली आख्यायिका; ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच पडलं म्हणतात. नातवाला ही गोष्ट त्यांनीच सांगावी. त्याच तळ्यात मगरी आहेत. काठावर लाकडासारखी पडलेली एखादी दाखवलीत तर वाघाची वाट पाहण्यातला अर्धा तास कुठे गेला कळणार नाही.

कपड्यांवर फार खर्च करू नका. हल्ली जंगलात जायचं म्हणजे सैन्यात भरती व्हायचं असल्यासारखे कपडे विकत घेतात. भडक रंग नकोत हा नियम आहे, तो पाळा. पण प्राण्यांना रंगापेक्षा हालचाल आणि आवाज जास्त खुपतो. खाकी टोपी घालून गप्पा ठोकणाऱ्यापेक्षा फिक्या सुती साडीत शांत बसलेल्या सासूबाई जंगलाला परवडतात. अत्तर, डिओ घरीच. फ्लॅश बंद.

जावं का, हा तुमचा पहिला प्रश्न शेवटी घेते, कारण उत्तर सरळ आहे. चंद्रपूर जिल्ह्यातली माणसं वाघासोबत राहतात. मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना तिथे दरवर्षी माणसं मरतात. वाघ जिवंत राहिला तर आपल्यालाही काही मिळतं, हे त्या गावांना ज्या थोड्या वाटांनी जाणवतं त्यातली एक म्हणजे गाइडचं काम, जिप्सी, होमस्टे. तुमच्यासारखी माणसं घरी बसली तर गाडीत उरतात ती फक्त नोटा सरकवणारी. जमलं तर मोठ्या रिसॉर्टऐवजी गावातल्या होमस्टेत राहा. सासूबाईंना जेवणही तिथलंच आवडेल.

एकाच फेरीवर सगळी भिस्त ठेवू नका. दोन किंवा तीन घ्या, त्यातली एक बफरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात. तिथे गाड्यांची गर्दी सहसा कमी असते. मंगळवारी ताडोबा बंद असतो, त्यामुळे सुट्ट्या टाकताना तो वार बघा. आणि मेच्या तारखा लवकर भरतात, तेव्हा बुकिंग आताच करा. दुपारच्या फेरीला सासूबाईंना नेऊ नका, पहाटेचीच त्यांच्यासाठी. स्टीलच्या बाटल्या, डोक्याला बांधायला ओला पंचा, मीठ-साखरेचं पाणी. खाऊचे कागद खिशातच परत आणायचे. प्रत्येकाचं ओळखपत्र मूळ प्रत घ्या, मुलाचं आधार कार्डही. ते विसरलं म्हणून गेटवर अडकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि त्या वेळी कोणाचाच मूड वाचवता येत नाही.